बाबांची टंकी आणि फागुनातला पाऊस

माझ्या मुलीचं नामकरण माहेरी व्हायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात रायपुरात पाऊस लागला. फागुन चालू होता. एरवी त्या दिवसांत आमच्याकडे दुपारचा पंखा पाचावर जातो आणि कूलरची खस बदलायची बोलणी निघतात. त्या वर्षी मात्र आईने पेटीत ठेवलेल्या गोधड्या परत बाहेर काढल्या. सकाळी पाऊस, दुपारी गारा, संध्याकाळी पुन्हा पाऊस. बाळाचे लंगोट घरभर दोऱ्यांवर लटकलेले असायचे आणि त्यांच्याखालून बाबा वाकून वाकून ये-जा करायचे.

आमचं घर भनपुरीच्या अलीकडे आहे. बाबा तरुणपणी गोंदियाहून रेल्वेत नोकरीला आले, फिटर म्हणून निवृत्त झाले आणि इथलेच होऊन गेले. कॉलनीत गटाराची लाइन अजून आलेली नाही. घरासमोर नाली आहे, मागे काहीच नाही. त्यामुळे संडासाचं आणि मागच्या न्हाणीचं सगळं पाणी मागच्या अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जातं आणि तिथून शेजारच्या शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. सेप्टिक टँक हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. गच्चीवरची ती ‘वरची टंकी’ आणि नुसती ‘टंकी’ म्हटलं की ही.

टंकी बाबांनी स्वतः मिस्त्रीजवळ उभं राहून बांधून घेतली होती. तिच्याबद्दल त्यांचे काही नियम होते आणि ते आम्हा भावंडांना पाढ्यांच्याही आधी पाठ झाले होते. संडासात ॲसिड ओतायचं नाही. तेल, चहाचा चोथा, भाताचं शीत काहीही मोरीतून आत जाऊ द्यायचं नाही. एकाच दिवशी सगळ्या घराचं धुणं काढायचं नाही. “ॲसिड टाकलं का आतले जंतू मरतात,” बाबा सांगायचे, “अन् सारं काम तर तेच करून राहिले.” त्या जंतूंविषयी ते अशा आपुलकीने बोलत की ते त्यांच्याच शिफ्टला आहेत असं वाटावं. आई कधी कधी जेवण वाढता वाढता विचारायची, “तुमच्या जंतूंचं झालं का जेवण?” बाबा न हसता मान हलवायचे.

बाळंतपणासाठी मी माहेरी आले, मुलगी झाली, दवाखान्यातून घरी आलो. नातीला मांडीवर घेतलं आणि बाबांचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून ते म्हणाले, “माय, ते ओले कागदी रुमाल अन् डायपर संडासात नको टाकजो बरं.”

आईने कपाळाला हात लावला. “पोट्टी आत्ता घरात आली, तिले पहिलं वाक्य हे ऐकवलं!”

“तिले नाही, तिच्या मायले सांगून राहिलो,” बाबा म्हणाले.

तर पाऊस लागला आणि टंकी बोलायला लागली. कमोडमध्ये बादलीभर पाणी टाकलं की ते खाली जाण्याऐवजी आधी वर यायचं, काठाशी थोडं थबकायचं आणि मग मोठ्याने गुडगुड करत नाइलाजाने जायचं. माझा धाकटा भाऊ भनपुरीच्या एका प्लांटमध्ये नोकरी करतो. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो हिंदीतच देतो. तो बाहेर येऊन म्हणाला, “पापा, टंकी डकार मार रही है।”

बाबा छत्री घेऊन मागे गेले आणि चेंबरचं झाकण उचलून पाहिलं. पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत आलेलं. आमच्याकडची जमीन काळी, चिकट, कन्हार माती. ती कोरडी असली तर भेगा पडून हवं तेवढं पाणी गिळते आणि एकदा भरली की थेंब घेत नाही. बाबा आत येऊन पाटावर बसले. “जमीन पिऊनच नाही राहिली,” ते म्हणाले.

“पण फागुनात जमीन एवढी कशी भरली?” आईने विचारलं. “भर पावसाळ्यात कधी असं झालं नाही.”

“पावसाचा नेम राहिला नाही,” बाबा म्हणाले.

खरी पंचाईत दोन दिवसांनी येणाऱ्या पाहुण्यांची होती. गोंदियाहून आत्या तिची मुलंसुना घेऊन येणार होती आणि नागपूरहून माझ्या सासरची मंडळी. वंदना घ्यायला विहारातल्या भन्तेजींनाही सांगून झालं होतं. म्हणजे घरात माणसंच माणसं, आणि प्रत्येकाला सकाळी जिथे जायचं ती जागा एकच.

बाबा पुन्हा मागे जाऊन बांबूने चेंबर ढवळून बघत होते आणि शेजारचे किराणा दुकानवाले भैया भिंतीवरून डोकावून सगळं पाहत होते. स्वभावाने फार मदतीचे. ते म्हणाले, “टेंशन काहे लेते हो भैया? दो आदमी बुलवा देता हूँ। ढक्कन खोल के उतर जाएँगे, घंटे भर में सब साफ।”

बाबा हातातला बांबू भिंतीला टेकवून वळले. “नहीं। मेरे घर में कोई आदमी अंदर नहीं उतरेगा।”

“अरे, उनका तो रोज का काम है।”

“होगा। मेरी टंकी में नहीं।”

बाबांचा तो आवाज मी फार कमी वेळा ऐकला होता. भैयांनी “जैसी आपकी मर्जी” म्हटलं आणि डोकं मागे घेतलं. बाबा हातपाय धुवायला गेले.

बाळाला तेल लावताना मी आईला विचारलं, “बाबा एवढे काहून चिडले?”

आईने दाराकडे पाहिलं. बाबा समोरच्या खोलीत होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, “त्यांचा मावसभाऊ होता. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. एका घरची टाकी साफ करायले उतरला. तो वर येऊन नाही राहिला म्हणून त्याले काढायले सोबतचा उतरला. दोघंही गेले. वर उभे असलेले लोक म्हणे नुसते हाका मारत राहिले.” तिने बाळाचा पाय हातात धरून ठेवला होता. “त्या भावाबद्दल ते कधी बोलत नाहीत. पण ही टंकी बांधली ना, तेव्हा पहिल्या दिवशी मले सांगतलं, हिच्यात माणूस जाणार नाही असं आपण वागायचं. म्हणून ते सारे नियम.”

इतकी वर्षं मी त्या नियमांवर हसत आले होते. हसण्यासारखे ते होतेच, आणि पुढेही आम्ही हसलोच. पण त्या दुपारी मी नुसती बाळाच्या पोटावर तेल चोळत राहिले.

बाबांनी उपसायच्या गाडीवाल्याला फोन लावला. मशीन आणि लांब नळीची ती टँकरगाडी. गाडीवाला म्हणाला, “काका, आपकी गली में कीचड़ है, गाड़ी फँस जाएगी। धूप निकलने दो, फिर आते हैं।” शिवाय आजूबाजूचं पाणी असंच येत राहिलं तर उपसूनही टंकी परत भरेल, हे बाबांना माहीत होतं. तेव्हा आता एकच उपाय उरला होता, आणि तो म्हणजे पाहुण्यांना सांगणं.

आत्याला सांगायचं काही नव्हतं, ती मोठी बहीण. प्रश्न माझ्या सासूबाईंचा होता. नातीच्या नामकरणाला पहिल्यांदा मुक्कामाला येणाऱ्या विहिणीला बाबांनी कसं सांगायचं की, जपून जा, पाणी कमी टाका आणि आंघोळ तर करूच नका? बाबा आरशासमोर दाढी करताना पुटपुटत होते. भावाने ते ऐकलं आणि मला येऊन सांगितलं, “पापा रिहर्सल कर रहे हैं।”

सगळे एकाच सकाळी पोचले. सासूबाई खुर्चीत बसल्या, बाळाला घेतलं, बाबा समोर उभे राहिले.

“इहीणबाई, प्रवास बरा झाला ना?”

“हो, एकदम बरा.”

“नाही, म्हणजे... पाणी...”

“पाणी नको, चहाच घेईन,” सासूबाई म्हणाल्या.

“हो, चहा येऊन राहिला. पण पाणी म्हणजे, पाऊस फार झाला ना यंदा...”

“नागपुरातही तेच. गारा पडल्या गारा.”

बाबांनी मान हलवली आणि गारांवर बोलायला लागले. आत्या पिशव्या ठेवत हे सारं ऐकत होती. आई तिच्या कानाशी काहीतरी बोलली. आत्या सरळ पुढे आली.

“अव इहीणबाई, याची टंकी भरली. लहान पोरीसारखा लाजून राहिला. आतमध्ये पाणी जपून टाका अन् आंघोळ इथं करू नका. एवढंच सांगायचं होतं त्याले.”

बाबांचे कान लाल झाले. सासूबाई आधी आत्याकडे आणि मग बाबांकडे पाहत राहिल्या. मग त्या इतक्या हसल्या की बाळ दचकून रडायला लागलं. “इवाई, मला वाटलं काही वाईट बातमी देता की काय,” त्या म्हणाल्या. “माझे पायच गार पडले होते.”

आंघोळीची सोय आत्यानेच केली. तिच्या नणंदेचं घर शहरातल्या तात्यापाऱ्यात, तिथे नळाला पाणी आणि घराला गटार. आत्याने फोन करून “आमी आंघोळीला येऊन राहिलो” एवढंच कळवलं. किती जण ते सांगितलं नाही. मग दोन ई-रिक्षा आल्या. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाच्या डब्या, काखेत कपड्यांची बोचकी घेऊन सगळी मंडळी पावसातच त्यांत बसली. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीवाले; तेही मांडीवर लोटा घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी. दुकानवाल्या भैयांनी विचारलं, “कहाँ चली सवारी?”

“समुद्रावर,” आत्या म्हणाली आणि रिक्षा निघाल्या.

घरात मी, बाळ, आई, बाबा आणि भाऊ राहिलो. पावसाची जोराची सर आली. आई मागच्या दाराशी बसून कोथिंबीर निवडत होती. कोथिंबीर निवडताना ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र मध्येच म्हणाली, “अहो, जरा इकडे या.”

बाबा गेले.

“तुमच्या केळीले पाणी कोण देऊन राहिलं?”

मागच्या अंगणात शोषखड्ड्याच्या कडेला बाबांनी केळी लावली होती. गच्चीवरून एक पांढरा पाइप खाली उतरत होता आणि त्याच्या तोंडातून केळीच्या बुंध्यावर बादल्याच्या बादल्या ओतल्यासारखं पाणी पडत होतं. तिथून ते सरळ शोषखड्ड्यात उतरत होतं. अख्ख्या गच्चीचं पाणी.

“हा पाइप तर समोर नालीत होता,” आई म्हणाली. “इकडे कोणी वळवला?”

मी भावाकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. भाऊ दोन्ही हात वर करून म्हणाला, “मैंने नहीं किया। ठंड में पापा ने किया था। केले के लिए।”

हिवाळ्यात गच्ची धुतलेलं पाणी वाया जातं म्हणून बाबांनीच तो वळवला होता. कल्पना चांगली होती. हिवाळ्यात पाऊस नसतो, केळीला दोन बादल्या पाणी मिळालं, केळी वाढली. पावसाळ्याआधी परत फिरवायचा असं त्यांनी ठरवलं असणार. पण पाऊस त्यांच्या आधी आला.

बाबा दारात उभे राहून पाइपाकडे बघत होते. आई परत कोथिंबीर निवडायला लागली होती, पण तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात रिक्षा परतल्या. ओल्या केसांची, पावडरच्या वासाची मंडळी आत आली. आईने आत्याला एका दमात सगळं सांगितलं. आत्या ऐकता ऐकता खाली बसली.

“इतक्या लोकांले टॉवेल देऊन तात्यापाऱ्यात धाडलं,” ती म्हणाली, “एक मग पाणी जास्त टाकू नका म्हणतो, अन् सोता सारं आभाळ टंकीत सोडून राहिला!”

“बाई, हळू बोल,” बाबा म्हणाले.

“काहून हळू? इवायाले माहीत नाही का?”

सासरे इस्त्रीचा शर्ट सावरत मागच्या दारापर्यंत जाऊन पाइप बघून आले होते. ते गंभीरपणे म्हणाले, “केळी मात्र जोरात आहे.”

मग बाबाच हसले. आधी नाकातून, मग खाली बघत, मग भिंतीला हात लावून. मी त्यांना तसं हसताना फारसं पाहिलेलं नाही. हसणं संपल्यावर ते म्हणाले, “चला, आता हे फिरवलं पाहिजे,” आणि लुंगी खोचून बाहेर निघाले.

तो उद्योग भर पावसातच झाला. भावाने गच्चीवरून पाइप धरला, बाबांनी खालचा तुकडा कापला. जुन्या पाइपाचा एक लांब तुकडा घराच्या बाजूने समोरच्या नालीपर्यंत न्यायचा होता. जोडाला नेमका पार्ट नव्हता, म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून ती घट्ट गुंडाळली. बाबा उकिडवे बसून ट्यूब ओढत होते आणि पाऊस त्यांच्या चष्म्यावर पडत होता. सासूबाई केव्हा बाहेर गेल्या ते मला कळलंच नाही. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या बाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या आणि स्वतः अर्ध्या भिजल्या होत्या.

“इहीणबाई, तुमी आत जा, बरं दिसत नाही,” बाबा म्हणत होते.

“तुम्ही ट्यूब ओढा,” सासूबाई म्हणाल्या. “डावीकडे सैल राहिलीय.”

बाबांनी डावीकडची ओढली.

नामकरण दुसऱ्या दिवशी झालं. पाऊस रिमझिमत होता, म्हणून समोर ताडपत्री बांधली. भन्तेजी आले, वंदना झाली, बाळ सगळा वेळ झोपून होतं. नाव काय ठेवावं यावर नागपूर आणि गोंदिया यांच्यात जे काही झालं ती वेगळी कहाणी आहे. जेवणानंतर भन्तेजींनी हळूच विचारलं, हात धुवायची जागा कुठे, आणि भावाने त्यांना मागे नेलं. मागे म्हणजे कुठे हे सगळ्यांना कळलं.

घर एकदम शांत झालं. मुलंसुद्धा गप्प बसली. बाबा हातातली पानाची डिश तशीच धरून उभे राहिले. आतून पाणी टाकल्याचा आवाज आला. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग ते पाणी न डकारता, न थांबता, सरळ सुळकन निघून गेल्याचा आवाज.

“साधु, साधु, साधु,” आत्या वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं पुटपुटली.

आईने तोंडाला पदर लावला आणि स्वयंपाकघरात पळाली. भन्तेजी बाहेर आले तेव्हा सगळे इतक्या आदराने उभे होते की ते क्षणभर गोंधळलेच.

आत्या आणि तिची मंडळी दुसऱ्या सकाळी गेली. त्यानंतर ऊन पडलं, आणि आमच्याकडचं ऊन एकदा पडलं की पडतं. दोन-तीन दिवसांत गल्ली सुकली आणि गाडीवाल्याने आपणहून फोन केला. सासूसासरे अजून होते. सासूबाईंनी मागच्या दारात खुर्ची टाकून घेतली, कारण हा प्रकार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

गाडीवाला आणि त्याचा जोडीदार नळी घेऊन आले. बाबांनी टंकीवरची फरशी सरकवायला लावली आणि मग दोघांना चांगलं लांब उभं केलं. “खुला रहने दो। हवा लगने दो। कोई झुकेगा नहीं।”

“काका, रोज का काम है,” गाडीवाला म्हणाला.

“इसीलिए बोल रहा हूँ।”

गाडीवाल्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मग तोही भिंतीला टेकून उभा राहिला. त्या वेळात आईने चहा केला. सगळे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत उभे होते, गाडीवाला, त्याचा जोडीदार, बाबा, माझे सासरे. वास येत होता. सासऱ्यांनी एकदा रुमाल नाकाला लावला, मग बाकीच्या तिघांकडे पाहून खिशात ठेवला. मग नळी खाली सोडली, मशीन सुरू झालं आणि माणसाचा हातसुद्धा आत न जाता सगळं काम उरकलं. जाताना गाडीवाला सासूबाईंना म्हणाला, “अम्मा, पिक्चर कैसी लगी?”

“थोडी लंबी थी,” सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरात आंघोळीचे नंबर लागले. बऱ्याच दिवसांनी सगळ्यांना आपल्याच न्हाणीत पोटभर पाणी मिळणार होतं. बाबा दाराशी उभे राहून पुढच्याला आवाज देत होते, कुणाला बादली भरायला मदत करत होते, आणि एकालाही पाणी जपून टाका असं म्हणाले नाहीत. आत्याचा गोंदियाहून फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

“पहिला नंबर कोणाचा लागला?” आत्याने विचारलं.

“इहीणबाईंचा,” बाबा म्हणाले.

“बरं केलं. अन् तू?”

“मी शेवटी.”

“साबण लाव बरं,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.